वाचकांचे प्रश्न : बालकल्याणाची कंत्राटे आणि शासनाची जबाबदारी

गेल्या अंकात बालकल्याणाची कामे शासनाने खासगी संस्थांकडे कराराने सोपवण्याच्या पद्धतीवर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर ‘खासगीकरण चांगले की वाईट’ असा होता. हा प्रश्न अशा रूपात विचारला की उत्तर भाषणासारखे होते, म्हणून शक्य तेथे मी तो बदलून घेतला आहे : करारात नेमके काय लिहिले होते, पैसे कशासाठी दिले जात होते आणि त्यामुळे मुलाच्या वाट्याला काय आले?

प्रश्न : घरी सुरक्षित नसलेल्या मुलाचा ताबा न्यायालय शासनाकडे देते. मग शासन तेच मूल कंत्राटाने तिसऱ्याच्या हाती कसे देऊ शकते? हे हात झटकणे नव्हे काय?

काम देता येते, जबाबदारी देता येत नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण व्यवहारात ही रेषा वारंवार पुसली जाते. बालकल्याण हे एकच काम नाही. तक्रार आल्यावर चौकशी करणे, मूल घरातून हलवावे की नाही हे ठरवणे, न्यायालयात बाजू मांडणे, मुलासाठी पालक-कुटुंब (म्हणजे मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणारे दुसरे कुटुंब) शोधणे, त्या कुटुंबाला साहाय्य देणे, जन्मदात्या आईवडिलांशी काम करून मूल घरी परत जाईल असे पाहणे आणि ते शक्य नसेल तर दत्तकाची व्यवस्था करणे, ही सगळी वेगवेगळी कामे आहेत. यांपैकी पहिल्या दोन-तीन कामांत शासनाची सक्तीची सत्ता वापरली जाते, आणि अशी सत्ता सहसा कंत्राटाने दिली जात नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९८ च्या कायद्याने पालक-कुटुंबे आणि दत्तक यांची जवळजवळ सर्व सेवा स्थानिक मुख्य संस्थांकडे, म्हणजे एकेका भागाचे सगळे काम पाहणाऱ्या खासगी संस्थांकडे, सोपवायचे ठरवले आणि २००५ पर्यंत हे हस्तांतर पूर्ण केले. तरीही मुलांशी होणाऱ्या गैरवर्तनाच्या तक्रारींची चौकशी शासकीय विभागाकडे, आणि काही परगण्यांत शेरीफच्या (परगण्याच्या पोलीस प्रमुखाच्या) कार्यालयाकडे, राहिली.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटते की पूर्वी हे सर्व सरकार करत असे आणि अलीकडे ते खासगी हातांत गेले. अनेक देशांत इतिहास नेमका उलटा आहे. अनाथालये आणि मुले सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्था आधी आल्या, शासन नंतर आले, आणि येताना पुष्कळदा त्याने त्याच संस्थांना पैसे देऊन काम चालू ठेवले. न्यूयॉर्क शहर हे याचे जुने उदाहरण आहे. सार्वजनिक पैसा तेथे मुख्यतः धार्मिक संस्थांमार्फत खर्च होत असे आणि त्या संस्था आपल्या धर्माच्या मुलांना प्राधान्य देत असत. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट मुलांना यामुळे दुय्यम सेवा मिळते, असा दावा १९७३ मध्ये न्यायालयात दाखल झाला आणि तो अनेक वर्षे चालला. म्हणजे ‘धर्मादाय असेल तर चालेल’ हे उत्तरही पुरेसे नाही. मूल कोणाच्या दारी पोहोचेल हे ठरवण्याचा अधिकार संस्थेकडे गेला की नको असलेल्या मुलांची रांग कोठेतरी लागतेच.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. अभ्यासक्रमात ‘दैनिक दर’, ‘प्रति प्रकरण दर’ आणि ‘परिणामाधारित करार’ असे शब्द येतात. हे केवळ हिशेबाचे प्रकार आहेत, की मुलावर त्यांचा खरोखर परिणाम होतो?

सर्व पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी चालेल.

दैनिक दरात मूल जितके दिवस संस्थेच्या देखरेखीखाली असेल तितक्या दिवसांचे देयक निघते. संस्थेत कितीही सज्जन माणसे असोत, या पद्धतीत मूल घरी परतले की उत्पन्न थांबते आणि मूल राहिले की उत्पन्न चालू राहते. कोणी मुद्दाम मुलाला अडकवून ठेवतो असे नाही. पण आईवडिलांच्या घरी चार फेऱ्या जास्त मारणे, व्यसनमुक्तीच्या केंद्राशी पाठपुरावा करणे, न्यायालयाची तारीख लवकर मिळवणे ही कष्टाची कामे आहेत, आणि त्यांच्यासाठी वेगळा पैसा नाही. जे काम केल्यावर संस्थेचे नुकसान होते ते काम मागे पडते.

यावर उपाय म्हणून प्रति प्रकरण दर आला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यावर मुलांच्या बाजूने दावा झाला होता आणि १९९३ मध्ये त्यात तडजोड झाली. त्यानंतर राज्याने १९९६-९७ मध्ये कुटुंबरक्षण (मूल घरातून हलवावे लागू नये म्हणून कुटुंबाला मदत), दत्तक आणि पालक-कुटुंब या तिन्ही सेवा राज्यभर खासगी संस्थांकडे दिल्या. असे करणारे ते पहिले राज्य होते. सुरुवातीचे सूत्र असे होते की प्रत्येक मुलामागे एकच ठरलेली रक्कम मिळेल, मग मूल कितीही काळ राहो. मूल लवकर मार्गी लागले तर संस्थेचा फायदा, लांबले तर तिचा तोटा. कागदावर हे चोख होते. पण एका मुलावर सरासरी किती खर्च येतो याची विश्वासार्ह आकडेवारी शासनाकडेही नव्हती आणि संस्थांकडेही नव्हती. आलेली मुले अंदाजापेक्षा जास्त होती आणि त्यांच्या गरजाही अधिक खर्चाच्या होत्या. धोक्याचा सगळा भार संस्थांवर आला, काही संस्था कर्जात बुडू लागल्या, आणि २००० मध्ये राज्याला हे सूत्र सोडून दरमहा दर मुलामागे पैसे देण्याकडे वळावे लागले. विमा कंपनी धोका पत्करते, कारण तिच्याकडे लाखो ग्राहक आणि गंगाजळी असते. काही शे मुले सांभाळणाऱ्या संस्थेला विमा कंपनीसारखे वागायला लावणे हीच मूळ चूक होती.

तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे मुलांच्या बाबतीत प्रत्यक्ष काय साध्य झाले यावर बेतलेल्या परिणामाधारित कराराचे, सर्वांत चांगले उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे आहे, आणि ते कमी सांगितले जाते. १९९७ मध्ये तेथे ५० हजारांहून अधिक मुले शासनाच्या देखरेखीखाली होती आणि त्यांतील पुष्कळ मुले शिकागोच्या परिसरात आजी, मावशी अशा नातलगांकडे वर्षानुवर्षे राहत होती. राज्याने करार बदलला. प्रत्येक संस्थेने वर्षभरात ठराविक संख्येने नवी मुले घ्यायची आणि ठराविक संख्येने मुलांना कायमचे घर मिळवून द्यायचे. त्यापेक्षा जास्त मुलांना घर मिळाले तर संस्थेच्या कार्यकर्त्यांवरचा भार कमी होई, पण पैसे कापले जात नसत. कमी मुलांना मिळाले तर तेवढ्याच पैशात जास्त मुले सांभाळावी लागत. त्याच सुमारास नातलगांना अर्थसाहाय्यासह कायदेशीर पालकत्व देण्याची सोय झाली, म्हणजे ‘कायमचे घर’ मिळवण्याची खरीखुरी वाट उपलब्ध झाली. काही वर्षांत मुलांची संख्या २० हजारांच्या खाली आली. श्रेय एकट्या कराराचे नाही, पण पालकत्वाचा मार्ग नसता तर कराराने संस्थांना नुसतेच हाकले असते, आणि करार नसता तर तो मार्ग कागदावर राहिला असता, असे मला वाटते.

परिणामाधारित कराराचीही एक खोड आहे. जे मोजता येते त्याच्या मागे माणूस लागतो. मूल घरी परतले की एक आकडा मिळतो. सहा महिन्यांनी तेच मूल मार खाऊन परत आले तर तो आकडा कोणाच्या खाती लिहायचा, हे करारात नसेल तर कोणाच्याच खाती लिहिला जात नाही. ऑलिव्हर हार्ट, आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये तुरुंगांच्या संदर्भात दाखवले होते की ज्या सेवेची गुणवत्ता करारात पूर्णपणे लिहिता येत नाही, तेथे खर्च कमी करण्याची खासगी ओढ गुणवत्तेच्या मुळावर येऊ शकते. हार्ट यांना पुढे २०१६ मध्ये अपूर्ण करारांवरील कामासाठी नोबेल मिळाले. मूल सांभाळणे हे अशा अपूर्ण करारांचे टोक आहे. रात्री दचकून उठलेल्या मुलापाशी कोणी बसले की नाही, हे कोणत्या रकान्यात भरणार?

प्रश्न : मी एका लहान संस्थेचा विश्वस्त आहे. निविदेत आमचा दर नेहमी जास्त ठरतो, कारण आम्ही एका कार्यकर्त्याकडे मर्यादित मुलेच देतो. कमी दर लावणाऱ्या मोठ्या संस्थेला काम मिळते. यात शासनाची चूक ती काय? जनतेचा पैसा वाचवणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

आपण प्रश्नातच शासनाची बाजू मांडली आहे, हे आपले औदार्य आहे. पण अमेरिकेतील नेब्रास्का राज्याची गोष्ट ऐका. २००९ मध्ये तेथे पाच मुख्य संस्थांशी करार झाले. २०१२ च्या सुरुवातीपर्यंत चार संस्था बाहेर पडल्या होत्या, कारण ठरलेल्या रकमेत काम बसत नव्हते. उरलेली एक संस्था ओमाहा शहराच्या भागात काम करत राहिली. २०१९ मध्ये पुन्हा निविदा निघाली तेव्हा या संस्थेने पाच वर्षांसाठी सुमारे ३४ कोटी १० लाख डॉलर मागितले आणि शेजारच्या राज्यातील एका संस्थेने सुमारे १९ कोटी ७० लाख डॉलर. काम कमी दराला गेले.

दोन दरांत चाळीस टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर ती बचत असण्यापेक्षा धोक्याची घंटा असण्याचाच संभव जास्त असतो. बालकल्याणात खर्चाचा मोठा भाग पगाराचा असतो. दर इतका खाली आणायचा तर माणसे कमी ठेवावी लागतात किंवा स्वस्त ठेवावी लागतात. नेब्रास्काच्या कायद्यात एका कार्यकर्त्याकडे किती प्रकरणे द्यावीत याची मर्यादा होती आणि कमी दराच्या निविदेचे गणित त्या मर्यादेत बसणारे नव्हते. २०२१ च्या आरंभी काम मिळालेली ही नवी संस्था आर्थिक संकटात सापडली आणि मुले वाऱ्यावर सोडता येत नाहीत म्हणून राज्याला २५ महिन्यांसाठी सुमारे १४ कोटी ७० लाख डॉलरचा नवा तातडीचा करार करावा लागला. तोही टिकला नाही, आणि २०२२ मध्ये राज्याने ते काम स्वतःकडे परत घेतले. रस्त्याचे कंत्राटदार पळून गेले तर रस्ता अर्धवट राहतो आणि पावसाळ्यात चिखल होतो. येथे पळून गेलेल्या कंत्राटदारामागे मुले उरतात, आणि त्यांच्या नव्या कार्यकर्त्याला त्यांची नावेही पहिल्यापासून शिकावी लागतात.

आपल्या संस्थेसाठी एवढेच सुचवतो की निविदेत नुसता दर लिहू नका. प्रति कार्यकर्ता मुलांची संख्या, मागील वर्षांत किती कार्यकर्ते सोडून गेले आणि मुलांचे घर किती वेळा बदलले, हे आकडे आपणहून जोडा. निविदा तपासणाऱ्याला ते विचारण्याची सवय लागायला वेळ लागेल, पण कोणीतरी आधी लिहिल्याशिवाय ती लागणार नाही.

प्रश्न : नफा कमावणाऱ्या कंपन्यांना या क्षेत्रात मुळीच येऊ देऊ नये, असे वाटते. आपले मत काय?

माझे मत आपल्या मताच्या जवळ आहे, पण केवळ नैतिक कारणाने नाही. इंग्लंडचे उदाहरण घेऊ. तेथे बालगृहांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक जागा खासगी पुरवठादारांकडे आहेत. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने मार्च २०२२ मध्ये या बाजाराचा अहवाल दिला. त्यानुसार २०१६ ते २०२० या काळात मोठ्या पुरवठादारांचा बालगृहांवरील सरासरी परिचालन नफा (उत्पन्नातून चालू खर्च वजा जाता उरणारा) उत्पन्नाच्या २२.६ टक्के आणि पालक-कुटुंब संस्थांचा १९.४ टक्के होता. प्राधिकरणाने म्हटले की नीट चालणाऱ्या बाजारात एवढा नफा टिकला नसता. मग तो टिकला का? कारण मुलांसाठी या जागा विकत घेणारी स्थानिक प्राधिकरणे (नगरपालिकांसारख्या संस्था) दीडशेहून अधिक आहेत आणि प्रत्येक जण वेगवेगळा, बहुतेक वेळा संध्याकाळी सहा वाजता, एका मुलासाठी आज रात्रीची जागा शोधत फोन फिरवत असतो. अशा गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही. त्यात काही मोठ्या कंपन्यांवर कर्जाचा बोजा इतका होता की त्या अडचणीत आल्या तर मुलांना एकाएकी हलवावे लागेल, अशी भीती याच अहवालाने व्यक्त केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्राधिकरणाने नफ्यावर बंदी सुचवली नाही. बंदी घातली आणि जागा निर्माण केल्या नाहीत, तर मुले आणखी दूर पाठवावी लागतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. अनेक स्थानिक प्राधिकरणांनी एकत्र येऊन खरेदी करावी आणि मोठ्या पुरवठादारांच्या आर्थिक प्रकृतीवर लक्ष ठेवावे, असे त्यांनी सुचवले. वेल्सने वेगळी वाट धरली आणि शासनाच्या देखरेखीखालील मुलांच्या सेवेतून नफा टप्प्याटप्प्याने हटवण्याचा कायदा २०२५ मध्ये केला. स्कॉटलंडमध्ये पालक-कुटुंब संस्थांना नफ्यासाठी काम करण्यास पूर्वीपासून मनाई आहे. अमेरिकेने नेमकी उलटी दिशा घेतली होती : १९९६ च्या कल्याण-सुधारणा कायद्याने संघीय निधीसाठी पात्र बालसंस्थेच्या व्याख्येतून ‘ना-नफा’ ही अट काढून टाकली. दोन दशकांनी, २०१७ मध्ये, तेथील सिनेटच्या अर्थ समितीने दोन्ही पक्षांच्या नेत्यांच्या वतीने खासगी पालक-कुटुंब सेवांवर अहवाल काढला आणि राज्यांची देखरेख अपुरी असल्याचे नमूद केले.

ना-नफा संस्थाही संचालकांना भरमसाट पगार देऊ शकते आणि निविदेत खोटे गणित मांडू शकते, त्यामुळे नोंदणीचा प्रकार पाहून निश्चिंत होऊ नये. पण जेथे ग्राहक लहान मूल आहे, खरेदीदार घाईत आहे आणि वस्तूची गुणवत्ता बाहेरून दिसत नाही, तेथे भागधारकांना लाभांश देण्याची सोय का ठेवावी, याचे पटणारे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

प्रश्न : करार घेतलेली धार्मिक संस्था काही कुटुंबांना श्रद्धेच्या कारणाने नाकारू शकते का?

फिलाडेल्फिया शहराने २०१८ मध्ये एका कॅथलिक संस्थेकडे मुले पाठवणे थांबवले, कारण ती समलिंगी जोडप्यांना पालक-कुटुंब म्हणून प्रमाणित करण्यास तयार नव्हती. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊही न्यायाधीशांच्या एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. पण निकालाचे मर्म श्रद्धेपेक्षा कराराच्या एका कलमात आहे. भेदभाव करू नये या नियमाला अपवाद करण्याचा स्वेच्छाधिकार शहराने करारात अधिकाऱ्याला दिलेला होता. अपवादाची सोय ठेवल्यावर मग धार्मिक कारणासाठी अपवाद नाकारायला शहराला सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते दाखवता आले नाही. सवयीने ठेवलेली एक मोकळीक शहराला महागात पडली. करार लिहिणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

प्रश्न : आम्ही पालक-कुटुंब म्हणून काम केले आहे. तीन वर्षांत मुलाचे चार कार्यकर्ते बदलले. तक्रार केली की संस्था म्हणते विभागाला विचारा आणि विभाग म्हणतो संस्थेला विचारा. तक्रार कोठे करावी?

आपले पत्र वाचून वाईट वाटले आणि आश्चर्य मात्र वाटले नाही. करारामुळे शासन आणि मूल यांच्यामध्ये एक दार वाढते, आणि दोन दारांमधल्या बोळात तक्रारी हरवतात.

शासनाकडे विचारणा करताना ‘संस्थेविरुद्ध तक्रार’ असे न लिहिता, ‘न्यायालयाने ज्याचा ताबा आपल्याकडे दिला आहे त्या मुलाबाबत’ असे लिहावे. ताबा विभागाकडे आहे, तेव्हा उत्तर देण्याचे बंधनही त्याच्याकडेच राहते. मुलाच्या प्रकरणाची न्यायालयात ठराविक काळाने सुनावणी होते. कार्यकर्ता किती वेळा बदलला आणि त्यामुळे कोणत्या भेटी हुकल्या, हे तारखांसह लेखी तेथे मांडावे. न्यायालयासमोर आलेला तारीखवार कागद कोणालाही दुसऱ्या टेबलावर ढकलता येत नाही.

जेथे वैयक्तिक तक्रारींनी काम होत नाही तेथे सामूहिक दावे उभे राहिले आहेत. वर उल्लेख केलेल्या कॅन्ससमध्ये जागा न मिळाल्याने मुलांना कंत्राटदारांच्या कार्यालयांतच रात्री काढाव्या लागत होत्या आणि काही मुलांना एकेका रात्रीपुरते वेगवेगळ्या घरी फिरवले जात होते. २०१८ मध्ये दावा झाला आणि तो कंत्राटदारांविरुद्ध नव्हे तर राज्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध होता. २०२० मध्ये तडजोड होऊन राज्याने ही पद्धत थांबवण्याचे मान्य केले. तरी त्यानंतरही काही मुले कार्यालयांत झोपली. खासगीकरणाला दोन दशके उलटल्यावरही राज्याला आपल्या मुलांसाठी पुरेशा खाटा आहेत की नाहीत हे स्वतः मोजता येत नव्हते, हे या प्रकरणातून मला सर्वांत जास्त खटकले.

प्रश्न : मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो. आमच्या वेळी सर्व काम विभागच करीत असे. आता विभागात करारांवर सह्या करणारे उरले आहेत, मुलाच्या घरी गेलेले कोणी उरलेले नाही. हे उलटवता येते का?

येते, पण त्याची तयारी करार करण्याच्या दिवशीच करावी लागते. नेब्रास्काला काम परत घेता आले, कारण राज्याच्या इतर भागांत विभागाचे स्वतःचे कार्यकर्ते काम करत होते. जेथे ते नसतात तेथे शासन वाईट कंत्राटदारालाही सोडू शकत नाही. दंडाचे कलम असते, पण ते लावले तर उद्या मुले कोण सांभाळणार, या प्रश्नापाशी घोडे पेंड खाते. म्हणून काही भाग शासनाने स्वतः चालवत ठेवावा, निदान एवढा की खर्चाचे आणि कामाचे गणित प्रत्यक्ष अनुभवाने माहीत राहील. कंत्राटदाराचा दर बरोबर आहे की नाही हे ओळखण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. मुलाची फाइल, त्याचे वैद्यकीय आणि शाळेचे कागद, भावंडांचे पत्ते, आईवडिलांशी झालेल्या भेटींच्या नोंदी या शासनाच्या मालकीच्या राहतील, शासनाच्याच संगणक-प्रणालीत त्याच दिवशी नोंदवल्या जातील आणि करार संपताना त्या रोखून धरता येणार नाहीत, असे करारात स्पष्ट असावे. तिसरी गोष्ट हस्तांतराच्या मुदतीची. संस्थेने काम सोडताना किमान काही महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, त्या काळात तिच्या कार्यकर्त्यांना नव्या संस्थेत किंवा विभागात रुजू होण्यास मज्जाव करणारी अट नसावी, आणि मूल आहे त्याच पालक-कुटुंबात राहील अशी सोय असावी. पालक-कुटुंबाचा परवाना संस्थेशी बांधलेला असेल तर संस्था बदलताच कुटुंबही बदलते, ही बाब करार तपासताना जवळजवळ कोणी पाहत नाही. आपल्यासारख्या मुलांच्या घरी जाऊन आलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांना निविदा-समितीवर बोलावले, तर ही ओळ वाचायला त्यांना चष्मा शोधावा लागणार नाही.